धर्माचा रकाना कोण भरतं?

नास्तिक मेळाव्यांना हजेरी लावणारे, आगरकरांचं आणि र. धों. कर्व्यांचं नाव अभिमानाने घेणारे लोक महाराष्ट्रात भरपूर आहेत. 2011च्या जनगणनेत मात्र सव्वाअकरा कोटींच्या या राज्यात नास्तिक म्हणून नोंद झाली ती जेमतेम साडेनऊ हजारांची. अख्ख्या देशात सुमारे 33 हजार. हा आकडा मला पटत नाही, आणि तो असा राहिला याचा दोष आपल्याकडे जातो.

घरोघर काय झालं ते आठवा. प्रगणक आले, बहुतेक ठिकाणी शाळेतल्या बाईच. दमून आलेल्या, पुढची घरं बाकी असलेल्या. आडनाव ऐकलं आणि धर्माच्या चौकटीत आकडा पडला. हिंदू 1, मुस्लिम 2, ख्रिश्चन 3, शीख 4, बौद्ध 5, जैन 6. धर्म न मानणाऱ्याला आकडाच नव्हता. ते अक्षरात लिहून घ्यावं लागत होतं, म्हणजे तोंड उघडावं लागत होतं. आतल्या खोलीतल्या नास्तिक मुलाला किंवा सुनेला कुणी विचारलं नाही, आणि तीही उठून बाहेर आली नाहीत.

कायदा आपल्या बाजूने आहे. सप्टेंबर 2014मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की आपला कोणताही धर्म नाही असं म्हणण्याचा हक्क राज्यघटनेच्या 25व्या कलमात आहे आणि सरकार कुणावर धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही. राजपत्रात 'धर्म नाही' असं छापून द्यायला शासकीय मुद्रणालयाने नकार दिला, म्हणून हे प्रकरण कोर्टात गेलं होतं. ते लढणारे येशूला मानणारे होते, फक्त कोणत्याही धर्माचा शिक्का त्यांना नको होता. श्रद्धा असलेल्यांनी आपल्यासाठी दार उघडून दिलं आणि आपण उंबऱ्यावरच उभे आहोत, याची मला लाज वाटते.

एक अडचण मात्र खरी आहे. अनुसूचित जातीची नोंद फक्त हिंदू, शीख आणि बौद्ध यांचीच होते. दलित नास्तिकाने 'धर्म नाही' लिहिलं, तर त्या मोजणीतून तो गळतो. जात भोगायची आणि मोजणीतून मात्र गळायचं, हा नियम बदललाच पाहिजे. तोवर त्याला कुणी धैर्य शिकवू नये. ज्यांचं काही जात नाही अशा आम्हा सवर्ण नास्तिकांनी आधी लिहावं.

भीतीचं म्हणाल, तर 2013मध्ये पुण्यात दाभोलकरांवर आणि 2015मध्ये कोल्हापुरात पानसऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. घाबरणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण जनगणनेतली आपली माहिती 1948च्या कायद्याने गोपनीय आहे, ती कुणाला पाहता येत नाही. व्यासपीठावर न जाता, पत्ता उघड न करता आपल्या माणसांत सामील व्हायची याहून सुरक्षित जागा नाही.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. प्रगणक आले की बाहेर या, आपलं आपण सांगा आणि काय लिहिलं ते वाचून दाखवायला सांगा. आईची श्रद्धा असेल, तर तिच्या नावापुढे तिला विचारून तिचाच धर्म लिहू द्या.