मनुष्यत्वाचा दाखला

निजामाच्या अमदानीत रयतेने कचेरीत अर्ज गुजरावयाचा, तर त्यावर रसुमाचे तिकीट डकवावे लागे, आणि त्या खर्चाच्या धास्तीने पुष्कळसे रिकामटेकडे अर्ज जन्मापूर्वीच निवर्तत. संकेतस्थळावरील अर्ज फुकट झाले, तशी यंत्रे ते अहोरात्र भरू लागली. म्हणून कार्नेगी मेलन विद्यापीठातील पंडितांनी २००० सालाच्या सुमारास ‘कॅप्चा’ निर्मिला, आणि औराद तालुक्यातील चिंताकीच्या शेतकऱ्यावर अमेरिकी पदपथावरचा बंबाचा नळ ओळखून स्वतःचे मनुष्यत्व शाबीत करण्याचा प्रसंग आला. २०२३ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांना आढळले, की ही परीक्षा यंत्रेच मनुष्याहून अधिक त्वरेने व अचूकपणे उत्तीर्ण होतात! त्यामानाने अर्जात एक अदृश्य रकाना ठेवण्याची युक्ती शहाणपणाची: मनुष्यास तो दिसत नाही म्हणून कोरा राहतो, यंत्र मात्र इमानेइतबारे भरते आणि गिरफ्तार होते. एकही रकाना न सोडणारा अर्जदार मनुष्य नसण्याचाच संभव अधिक, हे तत्त्व आमच्या कारकुनांच्या कानी गेल्यास, कोऱ्या रकान्यापायी अर्ज परत करण्याची सनातन परंपरा खालसा होईल, आणि परिपूर्ण अर्ज तेवढे संशयास्तव दप्तरी दाखल होतील.