नागोबास अनावृत पत्र

जगभरातील बड्या ट्रेडमार्कांचे मालक आणि त्यांचे विद्वान वकील यांच्या सेवेशी,

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपल्यावर होणारा अन्याय आता पाहवत नाही. इंग्रजी वर्णमालेतून दोन अक्षरी डॉट कॉम नावे अवघी ६७६ निघतात आणि तीन अक्षरी १७,५७६. ती सगळी केव्हाच गेली. त्यांतली कितीतरी अशा माणसांच्या हाती पडली, ज्यांच्याकडे ना काचेची कचेरी होती ना जाहिरातीचे बजेट. इंटरनेट नावाची काहीतरी भानगड येऊ घातली आहे, एवढे मात्र त्यांना १९९४ सालीच उमगले होते. सप्टेंबर १९९५ पर्यंत ही नावे फुकट मिळत होती. त्या काळात आपण काय करत होता, असे विचारण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. तरी ‘वायर्ड’ मासिकाच्या एका पत्रकाराने १९९४ साली मॅकडॉनल्ड्स डॉट कॉम हे नाव मोकळे असल्याचे कंपनीला फोन करून सांगायचा प्रयत्न केला आणि त्याची दखल घ्यायला तिथे कोणी सापडेना, हे छापून आलेले आहे. शेवटी त्यानेच ते नाव घेतले आणि कंपनीने ब्रुकलिनमधल्या एका शाळेच्या इंटरनेटसाठी ३,५०० डॉलर दिले तेव्हा सोडले. झोपलेल्याला जागे करण्याची इतकी स्वस्त मजुरी त्यानंतर कोणी घेतलेली दिसत नाही.

आता मूळ दुखणे. ट्रेडमार्कचा कायदा जुना आणि समंजस आहे. एकच शब्द अनेकांनी खुशाल वापरावा, गिऱ्हाइकाची फसगत तेवढी होऊ नये, असा त्याचा रोख. त्यासाठी माल आणि सेवांचे ४५ वर्ग पाडलेले आहेत. अमेरिकेत डेल्टा नावाची विमानेही आहेत आणि डेल्टा नावाचे नळही, पण नळ घ्यायला निघालेला माणूस चुकून अटलांटाच्या विमानात बसल्याचे ऐकिवात नाही. डोमेनला मात्र वर्ग नाहीत. डेल्टा डॉट कॉम जगात एकच. साऱ्या डेल्टांचा मिळून एकच सातबारा आणि त्यावर एकाचेच नाव. ते कोणाचे असावे? सर्वांत मोठ्याचे, सर्वांत नामांकिताचे, की सर्वांत आधी आलेल्याचे? पहिली दोन उत्तरे दिली, तर मोठेपणा कोणत्या देशात आणि कोणत्या सालचा मोजायचा, हा तंटा कल्पांतापर्यंत मिटायचा नाही. उरतो तो तिसरा नियम: जो आधी आला त्याचे, पण तो दुसऱ्याच्या नावावर डल्ला मारायलाच आला असेल, तर त्याचे नाही. इंटरनेटवरील नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने १९९९ साली केलेल्या तंटानिवारण धोरणाचा गाभा हाच आहे. नाव आपल्या ट्रेडमार्कशी जुळते, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने नोंदवून वाईट हेतूनेच वापरले, या तिन्ही गोष्टी तक्रारदाराने दाखवायच्या. जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेसारख्या संस्थांनी नेमलेले पंच कागद पाहून निकाल देतात.

यातली तिसरी अट आपल्याला फार जाचते, याची मला कल्पना आहे. तिच्यामुळे तारखा पाहाव्या लागतात. समजा, १९९६ साली नोंदवलेले नाव २०१० साली जन्मलेल्या कंपनीला हवे आहे. तर त्या गृहस्थाने चौदा वर्षे आधीच, जन्मालाही न आलेल्या कंपनीविरुद्ध कट रचला होता, असे पंचांना पटवून द्यावे लागते. असे भाकीत वर्तवणारे ज्योतिषी आमच्याकडे गल्लोगल्ली मिळतील, पण जिनिव्हात त्यांची साक्ष धरत नाहीत. तरीही अशा तक्रारी दाखल होतच राहतात, ही आपली चिकाटी. शिवाय तारखांबरोबर आकडेही आडवे येतात. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने २०१२ साली स्वॉश डॉट कॉम मागितले. हे नाव समोरच्या कंपनीने २००४ साली घेतलेल्या नावांच्या मोठ्या गठ्ठ्यातून आलेले होते. तक्रारीत लिहिले होते, की स्वॉश हा जगभरचा ब्रँड असून चार वर्षांत त्याची ४ कोटी डॉलरांहून अधिक विक्री झाली. समोरच्यांनी आकड्यावर बोट ठेवल्यावर कबूल करावे लागले, की ती ६० हजार डॉलरांच्याही आत होती. पंचांनी तक्रार फेटाळली आणि हा ‘रिव्हर्स डोमेन नेम हायजॅकिंग’चा प्रकार आहे असा शेरा मारला. मराठीत याला चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात.

आणि शिक्षा? शिक्षा म्हणजे तो शेराच. दंड नाही, समोरच्याच्या वकिलाची फीसुद्धा द्यावी लागत नाही. इथे थोडा हिशेब मांडतो. जिनिव्हात एका पंचापुढे तक्रार करायला आपल्याला १,५०० डॉलर लागतात. ज्याचे नाव मागितले आहे त्याला उत्तर द्यायला २० दिवस मिळतात. स्वतःच्या मिळकतीचा फैसला एकट्या पंचावर सोपवायचा नसेल, तर तो तीन पंच मागू शकतो. मग ४,००० डॉलरांच्या फीतला निम्मा वाटा त्याचा. म्हणजे त्याने कोणाचे काही मागितलेले नसताना, नुसती राखण करायला २,००० डॉलर. तो हरला, तर कामाचे १० दिवस जातात आणि तेवढ्यात त्याने कोर्टात दावा लावला नाही तर नाव आपल्या खात्यावर. आपण हरलात, तर आपले जे होते ते सारे जिथल्या तिथे. आयत्या बिळावर नागोबा म्हणून आपण ज्याला हिणवता त्याचे बीळ जाते. आपण दुसऱ्याच्या बिळात शिरताना सापडलात तर तशी नोंद एका निकालपत्रात होते आणि सगळे घरी जातात.

आपण म्हणाल, खरे भामटे आहेत त्यांचे काय? आहेतच. पॅनाव्हिजन डॉट कॉम अडवून बसलेल्या इसमाने ते सोडायला १३,००० डॉलर मागितले होते आणि १९९८ साली अमेरिकन कोर्टाने त्याला धडा शिकवला. आमच्या मुंबईतच रेडिफच्या नावात एक अक्षर बदलून कोणी ‘रॅडिफ’ डॉट कॉम थाटले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने ते बंद पाडले आणि डोमेन म्हणजे नुसता पत्ता नव्हे, त्याला ट्रेडमार्कासारखेच संरक्षण मिळायला हवे, असे ठरवले. बँकांच्या नावांत एखादे अक्षर फिरवून लोकांचे पैसे लुबाडणाऱ्यांविषयी तर बोलायलाच नको. जिनिव्हाकडे आता वर्षाला ६ हजारांहून अधिक तक्रारी येतात; त्यांतल्या बहुतेक अशाच मंडळींविरुद्ध असतात आणि आपण जिंकता ते रास्तच असते. पण म्हणूनच तर विचारतो: बहुतेक तक्रारी खऱ्या असतील, तर खोट्या तक्रारीला दंड बसवल्याने आपले बिघडते काय?

दुसरा आक्षेप असा, की पंच चुकले तर कोर्ट आहेच. आहे. अडू (ado) डॉट कॉम या तीन अक्षरी नावाचेच पाहा. अडू हा साधा इंग्रजी शब्द, शेक्सपिअरच्या एका सुखात्मिकेच्या नावातच तो आहे. पण तीच आद्याक्षरे मेक्सिकोतल्या एका बस कंपनीचीही आहेत. मालकाने हे नाव २०१२ साली विकत घेतले होते. २०१८ साली पंचांनी ते बस कंपनीला द्यायला सांगितले. मालक अमेरिकन कोर्टात गेला, तेव्हा कंपनीने माघार घेतली आणि नाव वाचले. बार्सिलोना डॉट कॉम पंचांनी २००० साली त्या शहराच्या नगरपालिकेला देऊन टाकले होते, ते २००३ साली अमेरिकेतल्या अपील कोर्टाने मूळ मालकाकडे ठेवले. एसडीटी डॉट कॉमच्या भांडणात तर बेल्जियमच्या तक्रारदार कंपनीवर २०१५ साली ५० हजार डॉलर भरायची पाळी आली. म्हणजे न्याय मिळतो. फक्त तो अमेरिकेत, वकील लावून, वर्षे मोजून मिळतो. नॉर्थ कॅरोलायनातल्या उझी निसान यांना विचारायला हवे होते. आडनावच निसान. त्या नावाने त्यांनी धंदा सुरू केला तेव्हा जपानी कंपनीच्या गाड्या अमेरिकेत डॅटसन म्हणून विकल्या जात. १९९४ साली त्यांनी आपल्या संगणकांच्या दुकानासाठी निसान डॉट कॉम घेतले. १९९९ साली मोटार कंपनीने १ कोटी डॉलरांचा दावा ठोकला. नाव अखेरपर्यंत त्यांचेच राहिले, पण त्या पायी गेलेली वर्षे आणि पैसा त्यांना कोणी परत केला नाही. २०२० साली कोरोनाने ते गेले.

आणि समोर एखाद्या देशाचे सरकारच असेल तर कोर्टाचाही उपयोग होईलच असे नाही. फ्रान्स डॉट कॉम १९९४ पासून एका फ्रेंच-अमेरिकन गृहस्थाकडे होते. दुसऱ्याच एका कंपनीने त्यांचा ट्रेडमार्क वापरला म्हणून ते २०१५ साली आपण होऊन पॅरिसच्या कोर्टात गेले, आणि तिथे खुद्द फ्रेंच सरकार खटल्यात उतरले. २०१८ साली नाव गेले, एका पैशाचा मोबदला नाही. अमेरिकेत दाद मागितली तर २०२१ साली अपील कोर्टाने परकीय सरकारवर खटला चालत नाही म्हणून दार लावून घेतले.

उरला तो नैतिक आक्षेप: नावे नुसती घेऊन ठेवणारे, भाव चढायची वाट पाहणारे हे सटोडिये काय लायकीचे? माझेही त्यांच्याविषयी फारसे चांगले मत नाही. पण रिकामा प्लॉट घेऊन बसणे हा गुन्हा नव्हे, आणि असेल तर आपल्यापैकी कितीजण निर्दोष सुटतील याची मला शंका आहे. कोणतीही तीन अक्षरे उचला, ती जगात कुठल्या ना कुठल्या कंपनीची आद्याक्षरे असणारच. नुसत्या तेवढ्यावरून हेतू वाईट ठरवला तर एकही तीन अक्षरी नाव कोणाकडे सुरक्षित राहणार नाही, आपल्याकडेसुद्धा नाही.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. तक्रारीबरोबर आपण ५,००० डॉलर अनामत भरावी. तक्रार प्रामाणिक असेल, तर ती हरली तरी रक्कम परत. उलट्या बोंबांचा शेरा बसला, तर ती समोरच्याला. छोट्या व्यावसायिकाला एवढी परवडणार नाही म्हणाल, तर त्याची अनामत कमी करा. शेरा हरणाऱ्यावर बसत नाही, तक्रार टिकणार नाही हे माहीत असूनही ती करणाऱ्यावर बसतो, तेव्हा सरळ माणसाला भिण्याचे कारण नाही. पंचांना दंड वसूल करायचा अधिकार कुठे आहे, असेही विचाराल. समोरचा तरी पंचांना बांधील असतो तो कशाने? नाव नोंदवताना केलेल्या करारातल्या एका कलमाने. आपणही तक्रार करताना ठरावीक कोर्टाची हुकूमत मान्य असल्याची सही करताच. त्याच कागदावर आणखी एक ओळ वाढवायची.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
लांबलचक पत्त्याचा एक धनी

ता. क. कोणत्याही डॉट कॉम नावाची चालू नोंद कधीची आहे, ती तारीख इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येते. वकिलाला १,५०० डॉलरांचा चेक फाडायला सांगण्याआधी ती एकदा पाहून घ्यावी.