प्रेस्टिज म्हणजे नजरबंदी

गेल्या रविवारी नात्यातल्या एका लग्नाच्या याद्यांना गेलो होतो. मानपान, आहेर, सगळं सुरळीत ठरत आलं आणि गाडी कार्यालयापाशी अडली. गावातलं साधं कार्यालय वरपक्षालाही चालणार होतं. हटून बसले ते मुलीचे वडील. तालुक्याचं लॉन हवं, ड्रोन हवा, हजार पान उठायला हवं. "माझ्या प्रेस्टिजचा प्रश्न आहे," म्हणाले. त्यासाठी दोन एकर गहाण टाकायला निघालेत.

हा शब्द मुळात कुठला, ते त्यांना तिथेच सांगायला हवं होतं. बैठकीत धीर झाला नाही, म्हणून इथे सांगतो.

लॅटिनमध्ये 'प्रेस्टिगिए' म्हणजे गारुड्याच्या हातचलाख्या. त्यामागचं क्रियापद 'प्रेस्ट्रिंगेरे' असल्याचं मानतात. त्याचा अर्थ समोरून आवळून बांधणं, डोळ्यांवर पट्टी बांधणं, दृष्टी मंद करणं. मराठीत याला प्रतिशब्द शोधावा लागत नाही. जत्रेतला जादूगार करतो ती नजरबंदी. रोमन माणसाला आणि आपल्या खेड्यातल्या माणसाला फसवणुकीचं एकच चित्र सुचलं, आधी डोळे बांधा.

इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमधून आला तो याच बदनाम अर्थानं. टॉमस ब्लाउंट यानं १६५६ साली अवघड शब्दांचा कोश काढला. त्यात 'प्रेस्टिज'चे अर्थ दिले आहेत ते फसवणूक, भूल, ठकवण्याच्या युक्त्या असे. 'प्रेस्टिजियस' हे विशेषण तर त्याहून जुनं, सोळाव्या शतकातलं, आणि तेव्हा त्याचा अर्थ होता मायावी, फसवा. आज शाळांच्या जाहिरातीत हेच विशेषण आई-वडिलांना ओढून आणतं.

मग हा शब्द इभ्रतदार झाला कसा? एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो नेपोलियनसारख्यांच्या संदर्भात वापरला जाऊ लागला. ज्याचं नाव निघताच माणसं दिपून जातात, त्याचा तो दबदबा. दिपणं तेच राहिलं, फक्त त्यातला दोष गळाला. गुस्ताव्ह ल बाँ या फ्रेंच लेखकानं १८९५ साली गर्दीच्या मानसशास्त्रावर पुस्तक लिहिलं, त्यात प्रेस्टिजचा मोठा विचार आहे. त्याच्या मते, हे वर्चस्व आपली पारख करण्याची शक्तीच लुळी पाडतं. आणि त्याच्याबद्दल कुणी शंका घेऊ लागलं, की ते संपतं. जादूगाराचंही तेच. गर्दीतल्या पोरानं "हात दाखव" म्हटलं की खेळ आटोपला.

आता आपला शब्द पाहा. प्रतिष्ठा. त्यात 'स्था' धातू आहे, उभं राहणं, स्थिर होणं. भाद्रपदात गणपती आणतो तेव्हा त्याची प्राणप्रतिष्ठा करतो. सातवाहनांची राजधानी पैठण, तिचं जुनं नावही प्रतिष्ठान. या शब्दात डोळे कुठेच येत नाहीत. पायाखालची जमीन येते. बघणारे घरी गेले, मांडव उतरला, तरी माणूस जिथे उभा असतो ती त्याची प्रतिष्ठा.

कोशात या दोन शब्दांना शेजारी बसवलं आणि आपण त्यांना एकच समजून बसलो. निवडणूक प्रेस्टिजची, वीतभर बांधासाठी भावाभावांचा वीस वर्षांचा दावा प्रेस्टिजचा, मराठी शाळा ओस पाडून गाठलेली लांबची इंग्रजी शाळाही प्रेस्टिजचीच. माझं म्हणणं साफ आहे. ज्या गोष्टीसाठी बघ्यांची गरज लागते, तिला प्रतिष्ठा म्हणू नये. 'प्रेस्टिज' हा शब्द तिथे वापरायला माझी हरकत नाही. तो अगदी अचूक आहे.

त्या हजार पानांतली माणसं जेवतील, आइस्क्रीम बरं होतं म्हणतील आणि पुढच्या लग्नाला जातील. हप्ते मात्र दर महिन्याला येतील.

काका, गहाणखतावर अजून तुमची सही झालेली नाही. गावात तुम्हाला मान आहे तो त्या दोन एकरांत तुम्ही राबलात म्हणून. सही करू नका. लग्न गावातच करा, वरपक्ष तयार आहे.