सर्वपित्री, ग्रहण आणि अ‍ॅन आर्बर

अमेरिकेत लेकीकडे गेलेल्या आईबापांना नायगारा दाखवायची रीत आहे. आमच्या जावयाने आधी स्टेडियम दाखवलं. तो मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बरला राहतो आणि तिथल्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा निस्सीम भक्त आहे. मूळचा सांगलीचा, उभ्या जन्मात चेंडूला पाय लावलेला नाही. या फुटबॉलमध्ये पाय लावायची वेळ क्वचितच येते, त्यामुळे ही उणीव अजून कुणाच्या लक्षात आलेली नाही.

‘बिग हाऊस’ म्हणतात ते हे स्टेडियम 1927 सालचं. बाहेरून अगदी बेताचं दिसतं, कारण बरंचसं जमिनीच्या पोटात आहे. गावाची वस्ती सव्वा लाखाच्या आतबाहेर आणि स्टेडियमची क्षमता 1,07,601. म्हणजे सामन्याच्या दिवशी गावात चोरी करायला चोरसुद्धा शिल्लक राहत नसावा.

आमची तिकिटं निघाली 14 ऑक्टोबर 2023 ची, समोर इंडियाना.

“अहो, सर्वपित्री अमावस्या आहे. वर सूर्यग्रहण!” ही म्हणाली.

“आई, ग्रहण खंडग्रास आहे,” जावई म्हणाला. “मॅच पूर्ण आहे.”

गाडी लावली ती विद्यापीठाच्या गोल्फच्या हिरवळीवर. त्या दिवशी तिचा वाहनतळ होतो. डिक्या उघडून लोक सकाळपासून मांस भाजत होते, बिअर पीत होते. अमावस्येचं पान असं सार्वजनिक वाढलेलं मी प्रथमच पाहिलं.

आत पिशवी न्यायला बंदी. कुठलीच पिशवी चालत नव्हती, पर्सही नाही. हिच्या पर्समधून बीपीच्या गोळ्या, आवळासुपारी, चष्म्याची दोन घरं, सेफ्टी पिनांचा जुडगा आणि लेकीच्या लहानपणीचा फोटो एवढा ऐवज निघाला आणि आम्हा चौघांच्या खिशांत विभागला गेला. चिवडा गाडीतच राहिला. त्याचं दुःख तिला पहिला अर्धा तास पुरलं.

बसायला लांबच लांब बाकं. त्यांवर आकडे रंगवलेले. दोन आकड्यांमध्ये एक सडपातळ माणूस मावावा, पण तसा माणूस त्या रांगेत नव्हता.

खेळ सोपा आहे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. अंगावर चिलखत घातलेली बावीस पोरं एकमेकांवर कोसळतात, शिट्टी वाजते, सगळे उठून पुन्हा खलबत करतात. मधूनच टीव्हीवर जाहिराती लागतात आणि तेवढा वेळ हे सारे पैलवान कमरेवर हात ठेवून उभे राहतात. साठ मिनिटांचा खेळ साडेतीन तास पुरतो तो असा.

पाहुण्यांनी आधी सात गुण घेतले. “मी म्हटलंच होतं, ग्रहण,” इति ही. मग आमच्यांनी सलग 52 घेतले. दर वेळी बँड विद्यापीठाचं 1898 सालचं विजयगीत वाजवी आणि लाखभर मुठी वर जात. चौथ्या टचडाऊननंतर हिची मूठ सगळ्यांच्या आधी वर गेली. खिशातली आवळासुपारी बाकाखाली सांडली.

उरलेला मोसम दिवाणखान्यातून पाहिला. इंडियानाच्या सामन्याआधी आदल्याच आठवड्यात मिनेसोटाला 52–10 हरवून संघ बक्षीस म्हणून एक मातीचं मडकं राखून आला होता. 1903 साली मिशिगनच्या प्रशिक्षकाने पाण्यासाठी 30 सेंटला घ्यायला लावलेलं हे मडकं संघ तिकडेच विसरला. परत मागितलं तर ‘जिंका आणि न्या’. तेव्हापासून दोन विद्यापीठं त्यासाठी भांडताहेत. आपल्याकडे एवढ्यावर दिवाणी दावा झाला असता आणि तोही अजून चालू असता.

कोजागिरी नेमकी संघाच्या सुटीच्या शनिवारी आली, म्हणून मराठी मंडळी जमली तरी. दूध आटेस्तोवर विषय एकच: संघाच्या एका कर्मचाऱ्याने तिकिटं काढून माणसं पाठवली आणि प्रतिस्पर्ध्यांच्या खाणाखुणांचं चित्रण करवलं, हा आरोप. जावई म्हणाला, “खुणा सगळेच बघतात.” तो एरवी सिग्नलसुद्धा मोडत नाही.

ऐन दिवाळीत, पेन स्टेटशी सामन्याला निघालेलं संघाचं विमान हवेत असताना, मुख्य प्रशिक्षक जिम हार्बॉ यांच्यावर त्याच आरोपापायी तीन सामन्यांची बंदी आली. बदली प्रशिक्षक शेरोन मूर यांनी उत्तरार्धात चेंडू फेकायचं नावच काढलं नाही. नुसतं ढकलत नेऊन 24–15 जिंकले आणि टीव्हीवर घळाघळा रडले. मुलाखतीतल्या शिव्या हिला कळल्या नाहीत, अश्रू कळले. ती लाडवांचं ताट हातात धरून बराच वेळ उभी होती.

मग ओहायो स्टेट. या सामन्याच्या आठवड्यात ते लोक आपल्या आवारातल्या पाट्यांवरच्या ‘एम’ अक्षरावर लाल फुल्या मारतात. इतकं मनापासूनचं वैर हल्ली भाऊबंदकीतही उरलेलं नाही. मिशिगन 30–24 ने जिंकलं.

8 जानेवारी 2024 ला ह्यूस्टनमध्ये वॉशिंग्टनला 34–13 हरवून संघ राष्ट्रीय विजेता झाला. पंधरा सामने, पंधरा विजय. महिना संपायच्या आत हार्बॉ लॉस एंजेलिसच्या व्यावसायिक संघाकडे निघून गेले. आमचा नायगारा पाहायचा राहिला तो राहिलाच.