मुळशीत राहून घरखर्च वाढवण्याची सोपी रीत

नवशिक्यांनी सुरुवात खाचरापासून करावी. आंबेमोहर घरचाच पिकवावा, कणगीत भरावा आणि पौडाच्या बाजारातून मीठ, रॉकेल, गूळ, चहापूड एवढंच आणावं. कापड दिवाळीला, तेही एकाच ताग्यातलं. सगळी भावंडं बँडवाल्यांसारखी दिसली तरी चालतील. उधारी दुकानदाराच्या वहीत मांडावी, भात झोडपल्यावर फेडावी.

अशाने खर्च काही वाढत नाही. म्हणून जमीन विकावी. १९२१ साली याच तालुक्यात टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांबरोबर लोक ‘जान किंवा जमीन’ म्हणत उभे राहिले होते, तेव्हा हे जड जाईल असं वाटेल. जात नाही. हिंजवडीत आयटी पार्क आलं आणि एकरात बोलणारी माणसं गुंठ्यात बोलू लागली. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. सातबाऱ्यावर बहिणींची नावं असतात. त्यांना जेवायला बोलवावं, साडीचोळी करावी आणि हक्कसोडपत्रावर सह्या घ्याव्यात. संपूर्ण व्यवहारातला सर्वांत स्वस्त खर्च हाच.

पैसा आल्यावर क्रम चुकवू नये. आधी स्लॅब, मग पांढरी गाडी, मग गळ्यात साखळी, मग चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स. पोरं इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये. तांदूळ आता पिशवीतला, वर ‘थेट शेतकऱ्याकडून’ असं छापलेला.

कुणी टोकलं तर आकडे तोंडावर फेकावेत. सरकारी पाहणीनुसार देशातल्या ग्रामीण कुटुंबाच्या खर्चात खाण्यापिण्याचा वाटा १९९९-२००० मध्ये ५९ टक्क्यांच्या आसपास होता, २०२२-२३ मध्ये तो ४६ वर आला. नुसत्या धान्याचा तर २२ वरून ५ च्या आत. मिळकत वाढली की अन्नावरचा वाटा घटतो, हे एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्येच सांगून ठेवलंय. म्हणजे आपली प्रगतीच चालली आहे. जमीन विकून आलेला पैसा मिळकतीत धरायचा की नाही, हा प्रश्न मात्र एंगेलसमोर कधी आला नसावा, आणि आपणही तो घरात काढू नये.

पैसा आटला तर घाबरू नये. मागच्या अंगाला चार खोल्या काढून आयटीतल्या पोरांना भाड्याने द्याव्यात. भाडं महिन्याला येतं, गाडीचा हप्ताही महिन्यालाच जातो. मेळ बसला तर उत्तम. नाहीच बसला तर तलाठ्याकडे चक्कर मारावी आणि बहिणींच्या सह्या राहिलेला एखादा तुकडा कुठे शिल्लक आहे का, ते पाहून यावं. साडी या खेपेला जरा भारीतली घ्यावी लागेल.