खतखात्याचे रावसाहेब

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या मनुष्याचा अंमल एका सायंकाळी हारतुऱ्यांसह संपुष्टात येतो, परंतु अंमल गाजविण्याची सवय काही त्याच्याबरोबर संपत नाही. मग ज्यांच्या घरामागे दोन गुंठे जमीन शिल्लक आहे ते आपले सारे दप्तर तेथे हलवितात, आणि ज्या झाडांनी आजवर पावसाच्या पाण्यावर व मोरीच्या सांडपाण्यावर निमूटपणे संसार केला त्यांच्यावर अकस्मात नोंदवही, तपासणी आणि कारणे दाखवा नोटीस यांचे राज्य सुरू होते. पुण्यात एरंडवण्याच्या बाजूस जुने बंगले अद्याप तग धरून आहेत, त्या भागात गल्लीआड असा एक तरी गृहस्थ आढळतो. सोयीसाठी आपण त्यांना रावसाहेब म्हणू.

रावसाहेबांच्या लेखी लिंबू आणि सीताफळ ही गावठी कुळे होत. त्यांच्याकडून वसूल यायचा तो येतोच, त्यात कर्तबगारी कसली? त्यांचा जीव जडला आहे तो प्लमवर. एका जून महिन्यात सिमल्याच्या सहलीत त्यांनी सांता रोझा जातीचे प्लम खाल्ले. बाहेरून गडद तांबडे, आत अंबरासारखा पिवळा गर, आणि सालीलगत किंचित आंबट. ही जात ल्यूथर बरबँक या अमेरिकन वनस्पतिसंवर्धकाने १९०६ साली कॅलिफोर्नियात प्रसृत केली, ही माहिती त्यांनी परतीच्या गाडीतच डब्यातील सर्वांस दिली. पुढे तिकडे बदलीवर असलेल्या मेव्हण्याकरवी, ओल्या गोणपाटात मुळे गुंडाळलेले एक कलम जानेवारीत पुण्यास दाखल झाले, आणि त्या दिवसापासून रावसाहेबांच्या घरात पंचांगाऐवजी सिमल्याचे बागाईती वेळापत्रक पाहिले जाऊ लागले.

त्या वेळापत्रकाबरहुकूम डिसेंबरात शेणखत व सुपर फॉस्फेट, फुले येण्यापूर्वी नत्राचा पहिला हप्ता आणि त्यानंतर महिन्याने दुसरा, अशी बरावर्द मंजूर असते. पुण्याच्या झाडाला फुलांची तारीख ठाऊक नसली तरी हप्ता चुकत नाही. खत देण्याचा दिवस हा घरातील एखाद्या मुंजीइतका गडबडीचा. सकाळी आठ वाजता रावसाहेब अर्धी विजार घालून आळ्याशी बसतात. खोडाला खत चिकटता कामा नये, ते फांद्यांच्या घेराखाली जेथे बारीक मुळे असतात तेथेच पडले पाहिजे, म्हणून सुतळीने वर्तुळ आखतात (हे मात्र शंभर टक्के बरोबर, आणि आपल्याकडे निम्मे लोक नेमके हेच चुकतात), आणि मग स्वयंपाकघरातून तराजू मागवितात.

“अहो, तो डाळीचा तराजू आहे,” आतून आवाज येतो.

“डाळ दहा ग्रॅम इकडेतिकडे झाली तर कोणाचे बिघडते? युरियात शंभरास ४६ भाग नत्र असते, ठाऊक आहे का?”

तराजू येतो. युरिया, पोटॅश, निंबोळी पेंड, हाडांचा चुरा, सारे तोळामाशाने मोजले जाते व वहीत चढते. रात्री हाडांच्या वासाने गल्लीतला कुत्रा कुंपण ओलांडून आळे उकरतो; दुसऱ्या दिवशी त्या नुकसानीचा पंचनामाही त्याच वहीत होतो.

इतकी बडदास्त ठेवल्यावर झाडाने काय करावे? ते पाने काढते. लुसलुशीत, रुंद, हिरवीगार पाने, आणि त्या कोवळ्या शेंड्यांवर मावा. नत्राचा अतिरेक झाला की दुसरे काय होणार? पण रावसाहेब अशा वेळी लीबिगचा दाखला देतात. ज्या घटकाची उणीव सर्वांत अधिक तोच पिकाची मर्यादा ठरवितो, बाकीचे कितीही ओतले तरी व्यर्थ, हा त्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने रूढ केलेला सिद्धांत त्यांना मुखोद्गत आहे, आणि म्हणून यंदा उणीव जस्ताची की बोरॉनची याचा तपास दरसाल नव्याने सुरू होतो.

उणीव कशाची आहे हे माळ्याने केव्हाच सांगितले होते. “साहेब, आमचा भाचा मिल्ट्रीत तिकडंच व्हता. तिथं ह्या झाडावर बर्फ पडतो म्हणं. थंडी न्हाई तर फळ न्हाई.”

“बर्फात नत्र किती असते, सांग पाहू?” रावसाहेबांनी विचारले, आणि प्रकरण दाखल दप्तर झाले.

माळी अडाणी खरा, पण लीबिगला तोच अधिक जाणत होता. प्लमच्या कळ्या हिवाळ्यात निद्रिस्त होतात आणि सुमारे सात अंशांखालील थंडीचे काही शे तास पदरात पडल्याखेरीज धडपणे उमलत नाहीत. पुण्यात पारा इतका उतरतो तो एखाददुसऱ्या पहाटे, आणि दूधवाला येईस्तोवर चढूही लागतो. रावसाहेबांच्या वहीत नत्र, स्फुरद, पालाश यांचे रकाने आहेत. थंडीचा रकाना नाही, कारण थंडी तराजूत बसत नाही आणि तिची पावती कोणी देत नाही. आयुष्यभर ज्याने तरतूद वाढवून प्रत्येक प्रश्न निकालात काढला, त्याला तरतुदीबाहेरचे कारण मान्य कसे व्हावे? वर्षअखेरीस वहीत लाल शाईने शेरा पडतो: “प्रगती समाधानकारक. फलधारणा पुढील वर्षी अपेक्षित.”

त्या बाजूला कधी जाणे झाले तर वाचकांनी रावसाहेबांकडे प्लमची चौकशी अवश्य करावी, त्यांना आनंद होईल. पण फळ खायचे असेल तर शेजारच्या बंगल्याची कडी वाजवावी. कुंपणालगतच्या तेथील पेरूची मुळे केव्हाच भिंतीखालून प्लमच्या आळ्यात शिरली आहेत, त्यांना शेणखत आणि पोटॅश अगदी वेळेवर पोचते, आणि ते पेरू फार गोड आहेत.