माणशी अर्धा चौरस मीटर

आमच्या सोसायटीत गणिताचे एक निवृत्त मास्तर राहतात. परवा टँकरची वाट बघता बघता त्यांनी जुन्या टँकरच्या पावतीमागे पिंपरी-चिंचवडचं भविष्य मांडलं. पंचांग लागलं नाही, जनगणनेचे दोन आकडे पुरले. 2001 साली शहर 10 लाख 12 हजारांचं होतं, 2011 साली 17 लाख 27 हजारांचं. दहा वर्षांत 1.7 पट!

"आता हीच पट लावत सुटायचं," मास्तर म्हणाले. "सावकाराचं चक्रवाढ व्याज. मुद्दलाच्या जागी माणसं, एवढंच."

सुटलो. 2031 साली 50 लाख झाले, 2051 साली जवळपास दीड कोटी आणि 2111 साली 36 कोटी. शहराचं क्षेत्रफळ 181 चौरस किलोमीटर. भागाकार केला, तर माणशी अर्धा चौरस मीटर. तोही रस्ते, नद्या आणि स्मशानं धरून. म्हणजे बसायचं नाव नको, जन्मभर उभंच. तेव्हाची जाहिरातही आम्हाला दिसू लागली: 'ऐसपैस पाऊण चौरस मीटर, हिंजवडीपासून दहा मिनिटांवर.'

सूत्र बिचारं प्रामाणिक आहे. दर कायम राहील असं धरा, एवढंच ते म्हणतं. शहर का वाढलं, हे विचारणं त्याच्या स्वभावात नाही. 1991 ते 2001 मध्ये हे शहर जवळपास दुप्पट झालं, पण 1997 साली आसपासची गावंही हद्दीत आली होती. माणसं रात्री गावकरी म्हणून झोपली आणि सकाळी शहरवासी म्हणून उठली. बाळंतपण आणि अधिसूचना यांतला फरक सूत्राला कळत नाही.

उलट मुंबई शहर जिल्हा 2001 ते 2011 या दशकात 33 लाख 38 हजारांवरून 30 लाख 85 हजारांवर आला. हाच दर ताणला, तर गिरगाव-परळ कधीतरी रिकामं होणार. जागा मात्र तेव्हाही स्वस्त होणार नाही.

वाढ जागा-पाणी संपत आलं की मंदावते, असं बेल्जियमच्या वेर्हुल्स्टने 1838 सालीच गणितात मांडून ठेवलंय. पण मंदावणारी रेघ भाषणात शोभत नाही.

म्हणून आपल्याकडे काम बघून सूत्र निवडतात. पिंपरी-चिंचवडमध्ये दशकाला 7 लाख 15 हजार अशी सरळ बेरीज केली, तर 2031 साली साडेएकतीस लाख, चक्रवाढीने 50. मधले अठरा-एकोणीस लाख लोक उड्डाणपूल मागताना हजर असतात, पाणी मोजताना गैरहजर. माणशी 135 लिटर धरले, तर हे अदृश्य नागरिक रोज 25 कोटी लिटर पाणी वाचवतात. दिसणाऱ्या नागरिकांना इतकं जमत नाही, म्हणून त्यांना नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणी.

यावर उतारा एकच: डोकी मोजणं. 2021 ची जनगणना झालीच नाही. आता 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख ठरली आहे. म्हणजे तोवर सोळा वर्षं शहर पावतीमागच्या आकड्यांवर चाललेलं असेल.

तेव्हा वाचकहो, प्रगणक दारात आला की 'घरात कुणी नाही' म्हणून त्याला वाटेला लावू नका. नीट मोजून घ्या. नाहीतर आमचे मास्तर तुम्हाला 1.7 ने गुणतील आणि पाणी देणारे शून्याने.